'फार वेळ' म्हणजे किती तास?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हंट्सव्हिल शहरावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटोही झकास आहेत. त्यात जर्मन रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन आहेत, नासा आहे, चंद्रावर गेलेले रॉकेट आहे. पण ज्या लष्करी कचेरीच्या आवारात हे सगळे घडले, ती कचेरी, म्हणजे पुढे 'मिसाइल कमांड' झालेली, एका ओळीत उरकली आहे. मी खानदेशातल्या एका आयुध निर्माणीच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढली. लेक-जावई हंट्सव्हिलला राहतात, त्यामुळे तिकडे जाणे-येणे असते. त्या एका ओळीत काय राहून गेले ते लिहितो. जागा असेल तेवढे छापा.

हंट्सव्हिलच्या दक्षिणेला टेनेसी नदीपर्यंत रेडस्टोन आर्सेनल हे लष्कराचे आवार पसरले आहे. तिथली माती तांबडी, त्यावरून हे नाव पडले. १९४१ पर्यंत ही सगळी शेतजमीन होती. हंट्सव्हिल तेव्हा जेमतेम तेरा हजार वस्तीचे, कापडगिरण्यांचे आणि पाण्यात वाढणाऱ्या एका पालेभाजीच्या व्यापाराचे गाव. त्या वर्षी उन्हाळ्यात लष्कराने रासायनिक दारूगोळ्याच्या कारखान्यासाठी ही जागा निवडली आणि पाचशेच्या वर कुटुंबांना उठवले. त्यांत गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची, स्वतःच्या नावावर जमीन असलेली कृष्णवर्णीय घरेही होती. घरे पडली, पण कबरी तिथेच राहिल्या. आजही आर्सेनलच्या हद्दीत चाळीसहून अधिक दफनभूमी आहेत. पूर्वजांच्या कबरीवर फुले वाहायची तर वारसांना लष्कराच्या फाटकातून आत जावे लागते. आपल्याकडे कारखान्यासाठी जमीन दिलेल्यांना मी याहून जास्त सांगायची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात इथे मस्टर्ड गॅस, फॉस्जीन असले विषारी वायू, धुराचे आणि आगीचे बाँब तयार झाले. शेजारच्याच कारखान्यात तोफगोळे भरले जात. कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या. युद्ध संपले, ऑर्डर आटल्या आणि १९४९ मध्ये रासायनिक कारखान्याची जागा चक्क विकायला काढली होती. तेवढ्यात टेक्सासच्या फोर्ट ब्लिसमध्ये वाळवंटात बसवून ठेवलेल्या जर्मन रॉकेटवाल्यांना जागा हवी झाली. होल्गर टॉफ्टॉय नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हंट्सव्हिलची रिकामी शेड पाहिली आणि १९५० मध्ये फॉन ब्राउन व त्यांची शंभराच्या वर माणसे इथे आली.

लेखात या जर्मनांचे वर्णन 'स्वप्न घेऊन आलेले शास्त्रज्ञ' असे आहे. स्वप्न होते, नाही कशाला म्हणा. पण महायुद्धात जर्मनीसाठी त्यांचे व्ही-२ रॉकेट ज्या मिटेलवेर्क नावाच्या भुयारी कारखान्यात बनत होते, तिथे डोरा छळछावणीतले कैदी राबवले जात आणि हजारोंनी मेले. त्या कारखान्यातले उत्पादन सांभाळणारे आर्थर रुडॉल्फ पुढे हंट्सव्हिलला आले, लष्कराच्या रेडस्टोन आणि पर्शिंग क्षेपणास्त्रांवर मोठ्या हुद्द्यावर राहिले, नंतर नासात चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचे व्यवस्थापक झाले. १९८४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याची चौकशी मागे लागल्यावर नागरिकत्व सोडून ते जर्मनीला परतले. मी स्वतः कारखान्यातला माणूस. उत्पादन सांभाळणाऱ्याला मजूर कसे राहतात हे ठाऊक नसते, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता त्यांच्या पहिल्या दिवसांची एक गोष्ट, जी मला फार आवडते. रेडस्टोन क्षेपणास्त्राचे इंजिन जमिनीवर बांधून पेटवायचे तर चाचणीचा मंच हवा. पैसे मंजूर व्हायला वेळ लागणार. तेव्हा या लोकांनी पंचवीस हजार डॉलरमध्ये भंगारातून मंच उभा केला. मोजमाप घेणाऱ्या माणसांना सुरक्षित बसायला खोली हवी होती, तर रसायने वाहणारे रेल्वेचे जुने टँकर आणून मातीखाली पुरले आणि त्यांत बसून चाचण्या घेतल्या. भुसावळकडच्या वाचकांनी हे डोळ्यांपुढे आणावे: यार्डातला कालबाह्य टँक वॅगन, वर मातीचा ढीग, आत चार माणसे आणि बाहेर रॉकेटचा भडका. तो मंच आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलेला आहे. अॅलन शेपर्ड हा पहिला अमेरिकी अंतराळवीर ५ मे १९६१ रोजी ज्या रॉकेटवर बसून वर गेला, ते याच रेडस्टोनचे भावंड.

१ फेब्रुवारी १९५६ रोजी इथे लष्कराची बॅलिस्टिक मिसाइल एजन्सी स्थापन झाली. प्रमुख मेजर जनरल जॉन मेडॅरिस, मिशीवाले आणि तोंडाने फटकळ. त्याच वर्षी नोव्हेंबरात संरक्षणमंत्री विल्सन यांनी आदेश काढला की दोनशे मैलांपलीकडे जाणारी क्षेपणास्त्रे तैनात करण्याचे काम लष्कराचे नाही, ते हवाई दलाचे. म्हणजे ज्युपिटर हे लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र बनवायचे लष्कराने आणि वापरायचे दुसऱ्यांनी. सरकारी खात्यांतली ही ओढाताण ज्याने जवळून पाहिली त्याला यात नवल वाटणार नाही.

मग ४ ऑक्टोबर १९५७ ची संध्याकाळ. नवे संरक्षणमंत्री म्हणून नेमले गेलेले मॅकेलरॉय नेमके त्या दिवशी आर्सेनलच्या भेटीला आले होते. मेजवानीच्या वेळीच बातमी आली की रशियाने स्पुटनिक हा जगातला पहिला उपग्रह सोडला. फॉन ब्राउन त्यांच्या मागेच लागले: आम्हाला परवानगी द्या, साठ दिवसांत उपग्रह सोडतो. मेडॅरिस यांनी मध्ये पडून नव्वद दिवस सांगितले. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा खरा कर्ता हा नव्वद म्हणणारा माणूस. शास्त्रज्ञाला यंत्र दिसत होते. जनरलला माल कधी येईल, कोण सही करील, वाहतूक कशी होईल हे दिसत होते. परवानगी नोव्हेंबरात मिळाली आणि चौऱ्याऐंशी दिवसांत, ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री, एक्स्प्लोरर-१ हा अमेरिकेचा पहिला उपग्रह कक्षेत गेला.

बक्षीस काय मिळाले? १ जुलै १९६० रोजी फॉन ब्राउन यांच्यासह ४,६७० कर्मचारी, इमारती आणि यंत्रे नासाकडे वर्ग झाली. आर्सेनलच्या आवारातच मार्शल अंतराळ केंद्र उभे राहिले आणि सप्टेंबरात उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले. आपला लेख इथून नासाच्या गाडीत बसून चंद्राकडे गेला. मागे जे उरले त्याकडे लेखकाने वळून पाहिले नाही. माझे म्हणणे त्या उरलेल्यांबद्दल आहे.

१ ऑगस्ट १९६२ रोजी, संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्या काळातल्या मोठ्या फेररचनेत, या उरलेल्या कचेऱ्या मिळून 'यू. एस. आर्मी मिसाइल कमांड' झाली. तिकडचे जुने लोक तिला अजून 'मायकॉम' म्हणतात. नावात कमांड असली तरी ही लढणारी तुकडी नव्हती. हॉक, नायकी हर्क्युलिस, पर्शिंग, लान्स, टो, ड्रॅगन, स्टिंगर, हेलफायर, पॅट्रियट ही सगळी क्षेपणास्त्रे विकसित करून घेणे, कंत्राटे देणे, तपासणे, सुटे भाग पुरवणे, पुस्तिका छापणे, जगभरच्या तुकड्यांना दुरुस्ती शिकवणे आणि आयुष्य संपलेला माल सुरक्षितपणे नष्ट करणे, हे तिचे काम. १९८७ च्या अमेरिका-रशिया शस्त्रकपात करारानंतर पर्शिंगची शेकडो क्षेपणास्त्रे मोडीत काढायची वेळ आली तेव्हा तेही याच यंत्रणेकडे आले. जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला एकाच खिडकीवर.

अमेरिकी सैन्यात प्रत्येक मोठ्या मुख्यालयाला स्वतःची एक छोटी तुकडी जोडलेली असते, 'हेडक्वार्टर्स अँड हेडक्वार्टर्स कंपनी'. तिच्यात कारकून, ड्रायव्हर, स्वयंपाकी, संदेशवाहक, शिपाईगडी. जनरलसाहेब कितीही तारे लावून फिरोत, त्यांची हजेरी, पगार आणि राहायची सोय या कंपनीच्या कागदांवरून चालते. मिसाइल कमांडमध्ये तर गणवेशातली माणसे मोजकी आणि बाकी सगळे नागरी कर्मचारी: इंजिनीअर, हिशेबनीस, खरेदी अधिकारी, स्टोअरवाले. म्हणजे पार आमच्यासारखेच. परदेशी नागरिक म्हणून मला गेट ९ च्या आत प्रवेश नाही, पण सकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग पाहिली तेव्हा पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी आमच्या फाटकावर लागणारी सायकलींची रांग आठवलीच.

या कामात काय लागते ते सांगतो. टो हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र घ्या. ते उडताना मागे दोन बारीक तारा सोडत जाते आणि नेमबाज दुर्बिणीत लक्ष्य धरून ठेवतो. तारांतून सूचना जातात. तार तीन किलोमीटर उलगडली पाहिजे, कुठेही न अडकता, न तुटता, आणि तीही वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिल्यावर. १९७२ च्या मे महिन्यात व्हिएतनाममध्ये कोंटुमजवळ हेलिकॉप्टरवरून टो डागली गेली आणि रणगाडे फुटले, याची बातमी झाली. ती तार रिळावर गुंडाळणाऱ्या, रीळ तपासणाऱ्या, लॉट नंबर लिहिणाऱ्या आणि साठवणुकीचा काळ संपत आला की पत्र पाठवणाऱ्या माणसांची बातमी होत नाही. व्हायला हवी असेही मी म्हणत नाही. पण इतिहास लिहायचा तर त्यांच्याशिवाय तो लिहिता येत नाही.

आणि मुख्यालयाचे काम चुकले की काय होते, त्याचाही दाखला याच कमांडच्या दप्तरात आहे. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियातल्या धाहरानला पॅट्रियटची, म्हणजे येणारे क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेची, तुकडी पहाऱ्यावर होती. इराकचे स्कड क्षेपणास्त्र आले आणि पॅट्रियटने ते अडवण्याचा प्रयत्नच केला नाही. स्कड थेट सैनिकांच्या बराकीवर पडले. २८ अमेरिकी सैनिक गेले. त्यांत तेरा जण पेनसिल्व्हेनियातल्या एका राखीव क्वार्टरमास्टर तुकडीचे होते, म्हणजे रसद खात्याचे, पाणी शुद्ध करून देणारे लोक. त्यांना तिथे पोचून आठवडासुद्धा झाला नव्हता.

कारण घड्याळाचे होते. पॅट्रियटचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत असे. हा दहावा भाग संगणकाच्या शून्य आणि एक या दोनच अंकांच्या पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. चोवीस जागांनंतर शेपूट कापावे लागते. कापलेले शेपूट नगण्य, पण यंत्र बंद न करता जितके चालवाल तितकी चूक साचत जाते. त्या दिवशी यंत्र शंभर तासांहून जास्त सलग चालू होते. चूक साचून एक तृतीयांश सेकंदाची झाली. स्कडच्या वेगाला तेवढ्यात सहाशे मीटरच्या वर अंतर. संगणक आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिला, तिथे काही दिसले नाही, त्याने लक्ष्य सोडून दिले.

इथपर्यंत ही इंजिनीअरांची गोष्ट. माझ्यासारख्याची गोष्ट पुढे आहे, आणि ती अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये तारीखवार लिहून ठेवली आहे. आठ तास सलग चालवले तरी यंत्राची नजर सरकते, हे इस्रायलच्या नोंदींवरून हंट्सव्हिलच्या पॅट्रियट प्रकल्प कार्यालयाला ११ फेब्रुवारीलाच कळले होते. १६ फेब्रुवारीला त्यांनी सुधारलेले सॉफ्टवेअर पाठवायला काढले. २१ फेब्रुवारीला सगळ्या तुकड्यांना संदेश गेला की यंत्र 'फार वेळ' सलग चालवल्यास नजर सरकू शकते. फार वेळ म्हणजे किती, ते त्यात नव्हते. इतका वेळ कोणी सलग चालवणारच नाही, असे कचेरीने गृहीत धरले होते. सुधारलेले सॉफ्टवेअर धाहरानला पोचले २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा. आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला लागत होता एक ते दीड मिनिट. तेवढ्यावर घड्याळ शून्यावर येत होते.

संपादकमहाशय, नोकरीत मी असंख्य सर्क्युलरे आवक करून घेतली आणि पुढे पाठवली. 'योग्य ती काळजी घ्यावी', 'आवश्यकतेनुसार तपासणी करावी', 'विहित मुदतीत'. वरच्या साहेबाला आकडा लिहायची भीती वाटते, कारण आकडा लिहिला की जबाबदारी येते. त्या संदेशात 'आठ तासांनी यंत्र बंद करून चालू करा' एवढे एक वाक्य असते तर? मी ज्याच्या हाताखाली शिकलो ते जुने स्टोअरकीपर आकडा नसलेला इंडेंट, म्हणजे मालाचे मागणीपत्र, सरळ परत पाठवत. आम्ही त्यांना खडूस म्हणायचो.

म्हणून मला हंट्सव्हिलमध्ये सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट रॉकेट नव्हे. या कमांडने स्वतःचे इतिहास कार्यालय ठेवले होते, पगारी इतिहासकारांसह. एकेका क्षेपणास्त्राचा जाडजूड इतिहास त्यांनी लिहून घेतला: मागणी कोणी केली, पैसे कधी अडले, कोणत्या चाचणीत काय फुटले, कोणत्या कंत्राटदाराने काय बिघडवले, सगळे. त्यातले बरेचसे लिखाण एका बाईंनी केले आहे आणि ते आता खुले आहे. कमांडचे तुकडे झाले तेही त्यात आहे. १९७७ मध्ये संशोधन वेगळे आणि पुरवठा वेगळा अशा दोन कमांड केल्या. १९७९ च्या जुलैत पुन्हा एक केल्या. ज्यांनी ती फाळणी सुचवली त्यांच्या टिपण्या वाचायला मिळाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुढे १ ऑक्टोबर १९९७ रोजी सेंट लुईसच्या विमान-हेलिकॉप्टर पुरवठ्याच्या कचेरीशी विलीनीकरण होऊन मिसाइल कमांड हे नावच गेले आणि एव्हिएशन अँड मिसाइल कमांड आली.

नाव गेले, पण दप्तर राहिले. आणि आपल्याकडे? १ ऑक्टोबर २०२१ रोजी कोलकात्याचे आयुध निर्माणी बोर्ड बरखास्त झाले, एकेचाळीस निर्माण्या सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. त्यांतल्या दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात आहे, एकीचे नागपुरात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. निर्णय बरा की वाईट यावर आमच्या निवृत्तांत रोज वाद होतात, तो या पत्राचा विषय नाही. मी एवढेच विचारतो की बोर्डाच्या मुख्यालयाची कागदपत्रे आज कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्यांवरून इतिहास लिहायला कोणाला नेमले आहे का? गुप्त काय ते गुप्त ठेवा. पण कामगार वसाहत कधी बांधली, अमुक सुटा भाग परदेशातून यायचा तो इथे कसा बनू लागला, तमुक अपघातानंतर कोणता नियम बदलला, यात गुप्त काय आहे? मी होतो तिथे मुदत संपलेली लेजर आणि मालाच्या खणांवरची बिनकार्डे नियमानुसार रद्दीत गेली. नियमच तसा होता. गोणपाटात भरून बांधताना मी त्यांतले एक पान पाहिले होते. शाई निळी, अक्षर वळणदार आणि शिल्लक शेवटच्या वॉशरपर्यंत जुळलेली.

लेखकाला एक सूचना. हंट्सव्हिलच्या रॉकेट संग्रहालयाच्या दारात मिस बेकर या माकडिणीची कबर आहे. २८ मे १९५९ रोजी लष्कराच्या ज्युपिटरमधून ती अंतराळात जाऊन जिवंत परतली आणि १९८४ पर्यंत जगली. लोक तिच्या कबरीवर केळी ठेवतात. लेखात तिचा फोटो आहे, पण खाली 'नासाची माकडीण' असे छापले आहे. ज्युपिटर लष्कराचे होते, तेवढी दुरुस्ती छापावी.

आणि आपल्याला एक विनंती. आपल्या स्थानिक आवृत्तीत महिन्यातून अर्धे पान निर्माण्यांतल्या निवृत्तांना द्या. भुसावळ, वरणगाव, भंडारा, चंद्रपूर, अंबरनाथ, खडकी, देहूरोड इथल्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकांत डायऱ्या, निरोपसमारंभाचे फोटो, जुन्या सर्क्युलरच्या प्रती पडून आहेत. त्या ट्रंका पुढच्या पिढीने रिकाम्या करायच्या आत मजकूर आला पाहिजे. कारगिलच्या उन्हाळ्यात रात्रपाळीत पेट्यांवर स्टेन्सिलने नंबर मारताना आमच्या शेडमध्ये काय काय घडले, यावर पहिला मजकूर मी देतो. शब्दमर्यादा तेवढी आकड्यात कळवा.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर
भुसावळ, जि. जळगाव